पहिला हात

कुर्ल्या साफ करताना हात लाल होत नाहीत. बांगडा कापला की विळीला रक्त लागतं, पाणी ओतून ती धुवावी लागते. कुर्लीचा डेंगा मोडला तर मात्र नुसतं पाणचट काहीतरी निघतं. थोडा वेळ वाऱ्यावर राहिलं तर त्याला किंचित निळसर झाक येते. लहान मुलं हमखास विचारतात, हिला रक्त नसतं का? असतं. फक्त आपल्यासारखं लाल नसतं. समुद्रातल्या शंखांचंही तसंच आहे. मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या खडकांना सुकतीच्या वेळी घट्ट चिकटून बसलेले शंख आपण पाहतो. खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांपाशी सावकाश सरकणारे टोकदार शंख पाहतो. त्या शंखांच्या आत एक मऊ जीव असतो आणि त्याच्या अंगात रक्त फिरत असतं. त्यात प्राणवायू नसला की ते रंगहीन दिसतं. प्राणवायू मिळाला की फिकट निळं होतं.

हा निळा रंग तांब्याचा. आपल्या रक्तात प्राणवायू धरून ठेवायला लोह असतं, म्हणून पालेभाजी खा, गूळ खा असं घरातली मोठी माणसं सांगतात. शंखातल्या गोगलगायीच्या रक्तात ते काम तांबं करतं. 1878 मध्ये बेल्जियमच्या लिऑन फ्रेडरिक या शास्त्रज्ञाने ऑक्टोपसच्या रक्तात हे तांब्याचं प्रथिन ओळखलं आणि त्याला हिमोसायनिन हे नाव दिलं. म्हाकूल, ऑक्टोपस आणि शंखातल्या गोगलगायी हे एकाच मोठ्या कुळातले, त्यामुळे त्यांचं हिमोसायनिन एकाच घडणीचं. कुर्ली आणि कोळंबीतही तांबंच असतं, पण त्यांच्या प्रथिनाची बांधणी निराळी.

शंखातल्या जीवाचं हे प्रथिन कसं बांधलेलं असतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्राणवायूचा एक रेणू धरायला तांब्याचे दोन अणू लागतात. दोघांच्या मधोमध तो रेणू बसतो. एकट्या अणूला ते जमत नाही. अशी एक जोडी म्हणजे प्राणवायूची एक जागा. अशा आठ जागा एका लांब साखळीत एकापुढे एक येतात. अशा दहा साखळ्या एकमेकींना बिलगून एक पोकळ नळकांडं तयार होतं. बहुतेक समुद्री गोगलगायींमध्ये अशी दोन नळकांडी टोकाला टोक लावून जोडलेली असतात. म्हणजे साखळ्या वीस, जागा 160 आणि तांब्याचे अणू 320. एवढं सगळं मिळून एक रेणू. त्याची रुंदी सुमारे 35 नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेषेवर असे 28 हजारांच्या आसपास रेणू शेजारी शेजारी मावतील. तरीही रेणूंच्या जगात हा अवाढव्यच. आपल्या हिमोग्लोबिनपेक्षा तो वजनाला सव्वाशे पटींच्या घरात जातो.

इतकं मोठं बांधकाम कशासाठी? आपलं हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत राहतं, त्याला पेशीचं घर आहे. गोगलगायीचं हिमोसायनिन उघड्यावर, थेट रक्तात विरघळून फिरतं. प्राणवायूच्या या सगळ्या जागा सुट्या सुट्या राहिल्या असत्या, तर रक्तात कणांची एवढी गर्दी झाली असती की आतल्या पाण्याचा तोलच बिघडला असता. म्हणून जागा भरपूर, पण कण थोडे. एकशे साठ जणांनी एकाच छपराखाली राहायचं ठरवलं, तेव्हा कुठे हे साधलं. 1920 च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे थिओडोर स्वेडबर्ग यांनी अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात गोगलगायीचं हे प्रथिन तपासलं. त्यांना दिसलं, की हे रेणू प्रचंड आहेत आणि सगळे एकाच मापाचे आहेत. प्रथिन म्हणजे कसाही जमलेला गोळा नसून ठरावीक मापाचं नेमकं बांधकाम असतं, हे तेव्हा लोकांना पटू लागलं.

याहून मोठं बांधकामही निसर्गात आहे. 2010 मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या संशोधकांनी काही गोगलगायींत तीन नळकांड्यांचं हिमोसायनिन असल्याचं दाखवून दिलं. खाडीच्या चिखलातले लांबट, टोकदार शंख ज्या गटातले, त्याच गटात ते सापडलं. आपल्याकडच्या ओढ्यांत आणि नद्यांच्या संथ पाण्यात वाळूवर दिसणारी मेलॅनॉइड्स नावाची बारीक, निमुळत्या शंखाची गोगलगायही त्याच गटातली. पाण्यात पाय बुडवून बसलं की ती दिसते. आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्या अंगात केवढी कारागिरी चालू आहे, याचा आपल्याला पत्ता नसतो.

पण आजच्या दिवसासाठी मला सांगायची आहे ती गोष्ट आकाराची नाही. ती या जागांच्या आपसातल्या वागण्याची आहे. रिकाम्या रेणूमध्ये पहिला प्राणवायू बसणं थोडं अवघड असतं. पण तो एकदा बसला, की तांब्याचे ते दोन अणू एकमेकांच्या जरा जवळ सरकतात. त्यांच्याभोवतीची घडण किंचित हलते. ती हलली की शेजारची हलते, कारण सगळे एकमेकांना टेकून उभे आहेत. आता शेजारच्या जागेला प्राणवायू धरणं सोपं जातं. तिने धरला की तिच्या पलीकडच्या जागेला आणखी सोपं. आपल्या हिमोग्लोबिनमध्येही हेच होतं, फक्त तिथे जागा चारच. 1904 मध्ये डेन्मार्कच्या ख्रिस्तिआन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त प्राणवायू कसा घेत जातं याचा आलेख काढला. तो सरळ रेषेत गेला नाही. आधी हळू, मग एकदम चढ, मग शेवटी पुन्हा हळू. कितीतरी शंखांच्या निळ्या रक्तातही हाच चढ सापडतो. सगळ्यांत तो सारखा नसतो, कुठे जास्त, कुठे कमी. पण नियम तोच. पहिल्याने जड काम केलं, म्हणून पुढच्यांचं हलकं झालं.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना हेच दिसतं. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. जाळं पाण्यात जड झालेलं असतं. सुरुवातीला दोर हलतच नाही असं वाटतं. पुढचा माणूस पाय वाळूत रुतवून पहिला हिसका देतो. त्याच्यामागचा दोर धरतो, मग त्याच्यामागचा. बघता बघता वाटेने जाणारा, फक्त बघायला थांबलेला माणूसही दोराला हात लावतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. दोर हलताना दिसला, एवढंच त्याला पुरतं. मग जाळं येतं, मासळीचे वाटे पडतात आणि हात लावणाऱ्याच्या हातातही चार मासे येतात. पहिला हिसका देणाऱ्याचा हात मात्र सगळ्यांत जास्त भरून आलेला असतो.

तेरेखोलच्या काठावरच्या बांदा गावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस धरून राहिला की तेरेखोल नदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं. 2019 च्या ऑगस्टमधला पूर अजून पुष्कळांच्या बोलण्यात येतो. अशा वेळी कुणीतरी एक जण आधी बाहेर पडतो. ‘उचला रे, पाणी इला!’ म्हणत शेजाऱ्याच्या दुकानातलं तांदळाचं पोतं खांद्यावर घेतो. ते पोतं त्याचं नसतं. पण ते उचललं जाताना बघून समोरचा आपलं शटर अर्धवट टाकून येतो, त्याच्या मागून आणखी दोघे. तासाभरात माल माळ्यावर गेलेला असतो. नंतर कुणी विचारलं, की सुरुवात कुणी केली, तर कुणालाच नीट सांगता येत नाही. सगळेच सांगतात, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. आणि ते खरंच असतं.

पूर रोज येत नाही. पण जड दोर रोज असतात. सकाळी सगळे उठले तरी अंथरुणं तशीच पडलेली असतात. जेवण झाल्यावर ताटं पुढ्यात असतात आणि जो तो दुसरा कधी उठतो याची वाट बघत बोलत बसतो. ऑफिसात पिण्याच्या पाण्याचा कॅन संपलेला असतो. तो रिकामा आहे हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बसस्टँडवर म्हाताऱ्या आजीच्या हातातली जड पिशवी सगळ्यांना दिसत असते. इथे कुणी वाईट नसतं. मनातून प्रत्येकालाच उठायचं असतं. अडतं ते फक्त पहिल्या हलण्याशी. एकाने आपलं ताट उचलून शेजारच्याचंही त्यावर ठेवलं, की दुसरा वाटी उचलतो, तिसरी फडकं आणते, आणि पोरगं न सांगता पाण्याचे पेले गोळा करायला लागतं. मुलांना शंभरदा सांगून जे होत नाही, ते बाबांनी एकदा उठून दाखवलं की होतं. यात उपदेश नाही, सक्तीही नाही. शेजारी हलला, म्हणून हलणं सोपं झालं.

या रेणूचा अर्धा गुण अजून सांगायचा राहिला. प्राणवायू धरणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो सोडणंही. नुसताच धरून ठेवला तर अंगाला त्याचा काय उपयोग? रक्त अंगात जिथे प्राणवायू कमी आहे तिथे पोचतं, तेव्हा एक जागा आपला प्राणवायू सोडते. तिची घडण सैल होते, ती शेजारणीला सैल करते, आणि मग एकामागून एक जागा आपापला प्राणवायू सोडत जातात. घेताना जी साथ होती, तीच देताना.

हेही आपल्या घरात लागू आहे. भाऊबंदकीत, शेजारात, नवरा-बायकोत कितीतरी गोष्टी आपण घट्ट धरून बसतो. कुणी कुणाला आधी फोन करायचा, गणपतीला कुणी कुणाच्या घरी आधी जायचं, चूक कुणाची होती. दोघांनाही सोडायचं असतं. दोघंही दुसऱ्याच्या मुठीकडे बघत असतात. मग एक दिवस एक जण सहज विचारतो, ‘काय, भात लावून झालो मां?’ समोरचा म्हणतो, ‘झालो, आज पेजेक ये.’ एवढ्यावर वर्षाचा अबोला सुटतो. आधी बोलणारा त्यात हरलेला नसतो. त्याने शेजाऱ्याची मूठ सोडवलेली असते, आणि आपलीही.

कुणी विचारेल, मी पहिला झालो आणि मागून कुणी आलंच नाही तर? असंही होतं. आसपास प्राणवायूच फार कमी असला, तर रेणूच्या थोड्याच जागा भरतात आणि पुढे कुणी येत नाही. पण जी जागा भरली, तिचा प्राणवायू खोटा नसतो. तो अंगात जिथे पोचायचा तिथे पोचतो आणि तिथल्या एका पेशीला तेवढं बळ मिळतं. तुम्ही एकट्याने उचललेलं ताट धुतलं जातंच. तुम्ही एकट्याने भरलेल्या कॅनमधलं पाणी दुपारी कुणीतरी पितंच. आजींची पिशवी बसमध्ये चढतेच. सोबत आली तर काम वाढतं, नाही आली तरी झालेलं काम कमी होत नाही.

आणि पहिला होण्यासाठी कुणी मोठं असावं लागत नाही. त्या नळकांड्यात मानाची जागा कुणाची, प्रमुख कोण, असं काही नाही. प्राणवायू ज्या जागेशी आधी येतो, ती पहिली. उद्या दुसरी असेल. घरातही तसंच असू द्यावं. आज सासूबाईंनी आधी उठावं, उद्या सुनेने, परवा शाळेतल्या मुलाने. कार्यालयात आज शिपाईकाकांनी, उद्या साहेबांनी. नेहमी एकालाच पहिलं व्हायला लावलं तर तो थकतो, आणि बाकीच्यांची हलायची सवय जाते. आपल्या घरात रोज पहिला हात कुणाचा पडतो, हे आज जरा बघून ठेवा. तो हात बहुतेक आईचा निघेल. तसं असेल, तर आजची सुरुवात तिच्या आधी करा.

आता कामाला निघायची वेळ झाली असेल. चपला घालता घालता एवढंच मनाशी ठरवा. आज एक काम कुणी सांगायच्या आत उचलायचं, आणि एक जुना हट्ट कुणी मागायच्या आत सोडायचा. काम छोटंच असू द्या, हट्टही छोटाच. मागून कोण येतं हे वळून बघत थांबू नका. आपण हललो, की आपल्याला टेकून उभ्या असलेल्या माणसांना हलणं सोपं जातं. आपल्या वाट्याचं काम तेवढंच, आणि ते रोज करण्याजोगं आहे.